काठ, पदर आणि खण : मुळशी खोऱ्यातील स्त्रीवस्त्रांवरील नक्ष्यांचा सांस्कृतिक अर्थ

पारंपरिक वस्त्रांवरील नक्ष्यांचे विवेचन करताना आपल्याकडे एक सोपी पद्धत रूढ झाली आहे. मोर म्हणजे सौंदर्य, कमळ म्हणजे लक्ष्मी, आंबा म्हणजे सुफलता, अशी एक कोष्टकवजा यादी तयार करावयाची आणि कोणतेही लुगडे समोर आले की त्या यादीतून अर्थ वाचून दाखवावयाचा. प्रदर्शनांतील माहितीफलक, महाविद्यालयांतील पारंपरिक वेशभूषेचे कार्यक्रम आणि विक्रेत्यांची पत्रके यांतून ही यादी इतकी फिरली आहे की ती परंपरेचाच भाग वाटू लागली आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यातल्या शेतकरी स्त्रीच्या वेशाला ही पद्धत लागू पडते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ती लागू पडत नाही, असे आमचे मत आहे. या स्त्रीच्या लुगड्यावरील नक्षीचा अर्थ आकृतीत थोडा आणि ते लुगडे कोणी, केव्हा, कोणत्या नात्याने दिले यात पुष्कळ सामावलेला असतो.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. उत्तर व्हिएतनाममधील डोंगराळ भागात राहणाऱ्या दाओ समाजात (चीनमध्ये याच समूहाला याओ म्हणतात) स्त्री आपल्या वस्त्रांवरील भरतकाम स्वतः करते. मुलगी आईजवळ बसून टाके शिकते आणि लग्नाचा पोशाख स्वतःच्या हाताने भरते. कापडाच्या उलट बाजूने टाके घालून सुलट बाजूवर आकृती उमटविण्याचे त्यांचे कौशल्य प्रसिद्ध आहे. पानहू नावाच्या पंचरंगी श्वानापासून आपला वंश निर्माण झाला, अशी त्यांची कथा असून वस्त्रांतील अनेक रंगांचा संबंध तिच्याशी जोडला जातो. येथे विणणारी, नेसणारी आणि अर्थ सांगणारी स्त्री एकच आहे. आपल्याकडे लमाणी स्त्रीच्या कांचळीवरील आणि घागऱ्यावरील आरसेकामाबद्दल जवळजवळ हेच म्हणता येईल. अशा वस्त्रांच्या बाबतीत ‘या आकृतीचा अर्थ काय?’ हा प्रश्न करणारीलाच विचारता येतो.

मुळशीत हा प्रश्न कोणाला विचारावयाचा?

परक्या मागावरचे लुगडे

मुळशीचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला आहे. ताम्हिणीच्या बाजूस पावसाचे प्रमाण प्रचंड असते. खाचरांत भात आणि उतारावर नाचणी व वरई ही येथील पिके. कापूस येथे होत नाही, कधी झालाही नाही. त्यामुळे सूत काढणे, रंगविणे आणि विणणे हा व्यवसायांचा समूह, जो देशावरील कित्येक गावांत साळी-कोष्ट्यांच्या रूपाने दिसतो, तो या खोऱ्यांत रुजण्यास आधार नव्हता. मेंढीच्या लोकरीची घोंगडी वापरात असली तरी डोंगरमाथ्यावरचे गवळी धनगर हे गाई-म्हशी पाळणारे. त्यांच्याकडे लोकर नाही. म्हणजे अंगावरचे वस्त्र या भागातील माणसाने नेहमी बाहेरून आणलेले आहे. तांदूळ विकून हाती आलेल्या रोख पैशाने ते पौडच्या किंवा पुण्याच्या बाजारातून विकत घ्यावयाचे आणि ज्या घरात रोख पैसा वर्षातून एकदाच दिसतो तेथे वर्षातून एकदाच घ्यावयाचे. लुगडे ही नेहमीची खरेदी नव्हती, तर प्रसंगाची वस्तू होती. पुढील सर्व विवेचन या साध्या आर्थिक वस्तुस्थितीवर उभे आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांच्या अंगावर जे लुगडे सर्वाधिक दिसे ते इरकली. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इळकल या गावावरून हे नाव आले. मराठी जिभेने त्याचे ‘इरकल’ केले. हा जिल्हा १९९७ मध्ये विजापूर जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि विजापूर जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर सीमा बदलली तरी व्यापाऱ्यांच्या वाटा बदलल्या नाहीत. म्हणून ज्याला आपण अस्सल मराठमोळा वेश म्हणतो त्याचे काठ आणि पदर कानडी मागावर विणले गेले आहेत, ही गोष्ट अस्मितेच्या चर्चेत सहसा कोणी काढत नाही.

इरकली लुगड्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. अंगाचा ताणा सुती असतो, तर पदराचा ताणा लाल रेशमाचा, आणि अलीकडे बहुधा कृत्रिम रेशमाचा. हे दोन ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडलेले असतात. या जोडणीमुळे प्रत्येक लुगड्याच्या लांबीइतका ताणा स्वतंत्र तयार करावा लागतो. मागावर एकामागून एक लुगडी सलग विणता येत नाहीत. पदरावर लाल आणि पांढऱ्या पट्ट्यांत कंगव्याच्या दात्यांसारख्या किंवा देवळाच्या शिखरांसारख्या आकृती निघतात. काठांचे गोमी, गाडी, परासपेट, जरी असे प्रकार आहेत. मराठी कानाला ‘गोमी’ म्हणताच गोम आठवते, आणि काठावरचे बारीक दाते पाहता ते नाव पटतेही; परंतु अशा पटण्यावर व्युत्पत्ती उभारू नये.

पदरावरील दातेरी आकृतीकडे पुन्हा पाहू. विणकरांच्या कानडी बोलीत तिच्या प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत. एकीला ‘हणिगे’ म्हणजे फणी, दुसरीला ‘कोटे’ म्हणजे किल्ल्याच्या तटावरून नाव, आणि ज्या प्रकारामुळे हे पदर ओळखले जातात त्या ‘टोपे तेणी’ मध्ये ज्वारीच्या कणसाचा निर्देश आहे. फणी, तट, कणीस, आणि बाहेरच्या अभ्यासकाला दिसणारे देवालयाचे शिखर: एकाच दातेरी पट्ट्याची ही चार वाचने. शिवाय ज्वारी ही काळ्या जमिनीची, कोरड्या हवेची. मुळशीच्या चिखलात भात लावणाऱ्या स्त्रीच्या पाठीवर ज्वारीचे कणीस शतकभर मिरवले आणि त्याचे नाव तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विणकराने ठेवलेला अर्थ कापडाबरोबर घाट ओलांडून आला नाही. जो अर्थ येथे लाभला तो येथल्या नात्यांनी दिला.

आणखी एक गोष्ट. आवणीच्या दिवसांत लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, पदर कमरेला आवळलेला आणि पाठीवर इरले. अशा वेळी काठ दिसत नाही, पदर दिसत नाही. नक्षी दिसते ती गावच्या जत्रेत, लग्नात आणि माहेरच्या वाटेवर. लुगडे नेमके कोठे ‘वाचले’ जात होते, याचा पत्ता या तीन जागांत लागतो.

भावाने घेतलेले लुगडे

मुळशीच्या स्त्रियांनी स्वतःच्या वस्त्रांविषयी काय म्हटले आहे, हे जाणण्याचे एक असाधारण साधन उपलब्ध आहे. गी पॉइटविन् आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून मुळशी-मावळातील खेड्यांत जात्यावरच्या ओव्या टिपण्यास आरंभ केला. पुढे महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत विस्तार होऊन हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया ही संस्था तो क्रमाने प्रसिद्ध करीत आहे. ओवी ही दळणाऱ्या स्त्रीची रचना आहे. तिथे पुरुष श्रोता नसतो. म्हणून वस्त्रांविषयीचा तिचा पुरावा संग्रहालयातील कोणत्याही नमुन्यापेक्षा मोलाचा आहे.

या ओव्यांत लुगडे आणि चोळी वारंवार येतात. पण येतात कशा? बहुधा भावाच्या सोबतीने. भाऊ बहिणीला घेऊन कापडाच्या दुकानात बसतो, घड्या उलगडल्या जातात, काठाची आणि रंगाची निवड होते, चोळीसाठी शिंप्याकडे जाणे होते. कधी भावजयीच्या कपाळाला आठी पडते आणि भावाचा हात आखडतो. कधी बहीण स्वतःच स्वस्त लुगडे पुढे ओढते, कारण भावाचा संसार तिला दिसत असतो. काठाची तपशीलवार वर्णने आहेत, परंतु त्या काठावरची आकृती कशाचे प्रतीक आहे हे सांगण्यासाठी नव्हे. भावाने किती किंमत मोजली, चारचौघींत माझा मान किती राहिला, हे सांगण्यासाठी ती आहेत. काठ जितका रुंद तितके माहेर भरलेले, असा हा हिशेब आहे. नक्षीचे मोल तिच्या दुर्मिळपणात असून तो दुर्मिळपणा भावाच्या मायेचे माप ठरतो.

याला भावुकता म्हणून बाजूला सारता येणार नाही. विवाहित मुलीला माहेरच्या जमिनीत प्रत्यक्ष वाटा मिळत नसे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने काही हक्क दिले, १९९४ च्या राज्य कायद्याने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते वाढले, पण गावात बहीण हक्कसोड लिहून देते आणि भाऊ लुगडे नेसवितो, ही रीत चालत राहिली. शेतीतील हिश्शाच्या जागी दिवाळीचे लुगडे, असा हा अलिखित व्यवहार होता. ज्या काठाचे ओवीत इतके कौतुक होते, तो काठ म्हणजे एका सोडलेल्या हक्काची पावतीही आहे. स्त्रियांना हे कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. भावजयीवरच्या ओव्यांमधील धार पाहिली की कळते, की त्या नीट हिशेब करीत होत्या. फक्त तो कागदावर नव्हता.

या देण्याघेण्याचा शेवटचा हप्ता मृत्यूच्या वेळी दिला जातो. विवाहित स्त्री वारली तर तिच्या देहावर माहेरचे लुगडे घालण्याची चाल महाराष्ट्रात सर्वदूर आहे. भाऊ येईपर्यंत थांबावयाचे, त्याने आणलेले वस्त्र घालावयाचे आणि मगच उचलावयाचे. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ या नावाचा मराठी चित्रपट निघाला, तेव्हा त्या नावातच प्रेक्षकांना सर्व काही कळले. त्यासाठी कोणालाही काठावरच्या आकृतीचा अर्थ विचारावा लागला नाही.

मुळशीपुरती येथे एक विशेष नोंद करावी लागते. टाटांच्या वीजप्रकल्पाच्या धरणाने खोऱ्यातील ५० हून अधिक गावांच्या जमिनींवर गदा आली. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला, विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, स्त्रियाही त्यात उतरल्या, आणि १९२४ पर्यंत तो मोडून निघाला. या लढ्याचा इतिहास जमीन आणि मोबदला यांच्या भाषेत लिहिला गेला, ते योग्यच आहे. परंतु ज्या स्त्रियांची लग्ने शेजारच्या खोऱ्यात झाली होती त्यांच्या दृष्टीने पाण्याखाली गेले ते माहेर. भाऊ कोठे तरी उठून गेला आणि वाटच बुडाली, तर लुगडे घेऊन येणार कोण? वस्त्रांच्या अभ्यासकाने या प्रश्नाची दखल घेणे आवश्यक आहे.

खण आणि ओटी

लुगड्याइतकेच, किंबहुना अधिक नेमके बोलणारे वस्त्र म्हणजे खण. एका चोळीपुरते अरुंद पन्ह्याचे, दोन्ही कडांना काठ असलेले हे कापड बागलकोट जिल्ह्यातीलच गुळेदगुड्ड येथे विणले जाते. ताण्यातील जादा धाग्यांनी त्यावर बारीक ठिपकेदार नक्षी उठते. रथ, तुळशीचे पान, हत्तीचे पाऊल, सूर्यनारायण अशी त्या नक्ष्यांची नावे विणकरांत आहेत. चोळी बेतताना काठ बाहीच्या कडेला येईल असे पाहतात, त्यामुळे लुगड्याच्या काठाशी बाहीचा काठ बोलतो.

तथापि मुळशीतील घरात ‘खण’ हा शब्द उच्चारला की चोळी शिवण्याआधीची एक अवस्था डोळ्यांपुढे येते. घडी घालून त्रिकोणी केलेला, न कापलेला, नारळ आणि तांदळांसह ओटीत घातला जाणारा खण. लग्नात, डोहाळजेवणात, माहेरून निघताना, आणि नवरात्रात ग्रामदेवतेपुढे. देवीची ओटी ज्या खणाने भरली जाते त्याच प्रकारच्या खणाने लेकीची भरली जाते. देवी आणि लेक यांना जोडणारे ते एकमेव वस्त्र आहे. त्यावर रथ असो, तुळस असो, हत्तीचे पाऊल असो, ओटीच्या दृष्टीने फरक पडत नाही. न कापलेले कापड हेच येथे चिन्ह आहे.

या चिन्हाची दुसरी बाजू कठोर आहे. नवरा वारला की त्या दिवसापासून स्त्रीची ओटी भरली जात नाही. ब्राह्मण विधवेच्या तांबड्या आलवणावर विपुल लेखन झाले आहे. शेतकरी समाजातील विधवेचा वेश त्या मानाने मोकळा होता. अनेक जातींत पाट लावण्याची रीत होती, आणि शेतात राबणाऱ्या बाईला एका रंगात कोंडणे परवडणारेही नव्हते. कुंकू आणि हिरवा चुडा गेला तरी गडद रंगाचे, काठाचे लुगडे ती नेसतच राही. पूर्वी शिवलेली खणाची चोळीसुद्धा अंगात राही. थांबे ते खण मिळणे. म्हणजे तेच विणकाम, तीच नक्षी, तोच काठ तिच्या अंगावर आहे आणि तरीही तिच्यापुरता त्याचा अर्थ नाहीसा झाला आहे. केवळ आकृतीकडे पाहणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसणार नाही. नक्षीचा अर्थ घेण्याच्या अधिकारात आहे, या विधानाचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ठरावाची चर्चा बांगड्या, कुंकू आणि मंगळसूत्र यांभोवती झाली, कारण ती काढून घेण्याची कृती डोळ्यांना दिसते. ओटी न भरणे ही कृतीच नाही. तो कृतीचा अभाव आहे, म्हणून त्यावर ठराव करणे अवघड. हळदीकुंकवाला आलेल्या विधवेच्या ओटीत खण पडतो का, हे पाहिल्यावाचून बदल झाला की नाही हे सांगता येणार नाही.

रंगांविषयी थोडक्यात. हिरवा गर्भाचा आणि चुड्याचा, पिवळा हळदीचा, हे सर्वश्रुत आहे. काळा एरवी वर्ज्य, पण लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसतात. तेव्हा रंगालाही कायमचा अर्थ नाही, तिथीपुरता आहे.

या सर्व मिळालेल्या नक्ष्यांच्या शेजारी स्त्रीजवळ एक स्वतःची नक्षी असे, ती गोंदणाची. कपाळावर, हनुवटीवर, हातांवर तुळस, ठिपके, फुले. दागिने मोडतात, लुगडे विरते, गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते, असे जुन्या बायका सांगत. गोंदणाचे दुखणे स्वतः सोसलेले असते आणि ते वैधव्यातही काढून घेता येत नाही. खणावरील तुळस आणि हातावरील तुळस आकृतीने सारख्या असतील; त्यांचा अर्थ मात्र परस्परांच्या उलट दिशेला जातो.

कपाटात, कार्यक्रमात आणि गोधडीत

आज मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र आहे, पिरंगुटला कारखाने आहेत, जमिनींचे भाव पूर्वी कल्पनेतही नव्हते इतके चढले आहेत. नऊवारी नेसणारी पिढी साठी-सत्तरीच्या पुढची. बहिणींच्या सह्यांना आता किंमत आली आहे, आणि त्यामुळे भावाच्या लुगड्याचा तो जुना अलिखित व्यवहार जागोजागी दिवाणी दाव्यांत उतरला आहे. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. हक्काची पावती लुगड्याच्या काठावर असण्यापेक्षा सातबाऱ्यावर असलेली बरी.

याच काळात खणाला नवे आयुष्य लाभले आहे. गेल्या काही वर्षांत खणाच्या कापडाची सबंध साडी निघाली आणि शहरांत ती आवडीने नेसली जाते. विणकराला काम मिळाले, हे चांगलेच. परंतु चोळीपुरते असलेले, ओटीत पडल्यावाचून हाती न येणारे कापड सहा वार विकत घेता येऊ लागले, तेव्हा त्याच्या अर्थाची घडण बदलली. ते आता कोणीही कोणालाही न विचारता घेऊ शकते, विधवाही घेऊ शकते. बाजाराने अशी एक मोकळीक सहज देऊन टाकली, जी ठरावांना जड जाते. शिवलेल्या तयार नऊवारीचेही तसेच. तिचा पदर कायमचा एका जागी टाचलेला असतो. कामाच्या वेळी तो खोवावा, वडीलधाऱ्यांपुढे डोक्यावर घ्यावा, ही भाषा तिला येत नाही, आणि ती नेसणाऱ्या विद्यार्थिनीला त्या भाषेची गरजही नाही.

अडचण येते ती नोंदी ठेवणाऱ्यांची. संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘नऊवारी लुगडे, इरकली, गोमी काठ, सुती व रेशीम’ एवढे लिहून भागते, कारण नोंदीचा तक्ता वस्तूसाठी आखलेला असतो. या खोऱ्यांतील लुगड्याला निदान तीन रकाने अधिक हवेत: कोणी दिले, कशाच्या निमित्ताने दिले, आणि त्या वेळी घेणारीचे वय व स्थिती काय होती. ही माहिती कापडात नाही. ती आज हयात असलेल्या वृद्ध स्त्रियांच्या सांगण्यात आहे आणि फार वर्षे राहणार नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरात आजीजवळ बसून ती टिपता येईल. त्याला अनुदान लागत नाही.

अशी विचारपूस करताना कपाटाप्रमाणे घडवंचीकडेही वळावे. नऊवारी लुगडे विरले की ते टाकून दिले जात नाही. त्याचे तुकडे एकावर एक घालून धावदोऱ्याने गोधडी शिवली जाते, मऊ झालेले सूत बाळाच्या दुपट्याला जाते. काठ फाडून कडेला लावतात, कारण काठाचे विणकाम दाट असल्याने तो शेवटी झिजतो. मग एकाच गोधडीत भावाने घेतलेले, सासूने दिलेले, स्वतः मजुरी करून आणलेले असे चार काठ शेजारी शेजारी येतात. शिवणारीला प्रत्येक काठाचे मूळ माहीत असते. तिने बोट ठेवून सांगितले तर ते कळते. एरवी ती गोधडी असते.